सुटून आलेला माणूस आणि त्याचे घर

माणूस तुरुंगात जातो तेव्हा त्याची बातमी होते. कोणत्या गावचा, कोणाचा मुलगा, काय केले, किती वर्षांची शिक्षा झाली, हे सारे चार दिवस पारावर, एस. टी.च्या थांब्यावर आणि चहाच्या हॉटेलात चघळले जाते. तोच माणूस शिक्षा भोगून परत येतो तेव्हा मात्र त्याची बातमी होत नाही. बहुधा तो संध्याकाळच्या गाडीने येतो, ओळखीच्या माणसांची नजर चुकवीत घराकडे वळतो, आणि दुसऱ्या दिवशी गावात कोणी तरी एवढेच म्हणते, "अमक्याचा थोरला आला म्हणे सुटून." आज मला बोलावयाचे आहे ते ह्या परत येण्याविषयी, आणि ज्या दाराशी तो येऊन उभा राहतो त्या घराविषयी.

मी नवी मुंबईतल्या एका महाविद्यालयात शिकवतो. नवी मुंबई म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर उंच इमारती, वाशीचा घाऊक बाजार आणि नवा विमानतळ उभा राहत असेल. पण ह्याच शहरात, खारघरच्या बाजूला, तळोजा मध्यवर्ती कारागृह आहे. मुंबई, ठाणे, रायगड ह्या भागांतल्या न्यायालयांनी पाठविलेले पुष्कळ बंदी तेथे असतात. त्यांच्या घरची माणसे भेटीला येतात. कोणी कर्जतहून, कोणी महाडहून, कोणी घाटावरून येते. हातात कपड्यांची पिशवी, आधार कार्ड, कडेवर एखादे मूल. दिवसाची मजुरी बुडवून, गाडीभाड्याला पैसे उसने घेऊन आलेली ही माणसे थोडा वेळ भेटतात आणि परत फिरतात. त्या थोड्या वेळात काय बोलणे होणार, असे आपल्याला वाटते. परंतु अभ्यासकांनी ह्या भेटींचा हिशेब मांडून पाहिला आहे आणि त्यातून निघालेली गोष्ट मोठी बोलकी आहे.

अमेरिकेतील मिनेसोटा राज्याच्या कारागृह खात्याने २००३ ते २००७ ह्या काळात सुटलेल्या १६,४२० बंद्यांची पाहणी केली आणि २०११ साली तिचा अहवाल दिला. तुरुंगात असताना ज्यांना भेटीला कोणी येत होते, त्यांच्या हातून पुन्हा गंभीर गुन्हा घडून शिक्षा होण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे १३ टक्क्यांनी कमी दिसली. तो देश वेगळा, तेथली घरे वेगळी, हे खरे. म्हणून तो आकडा जसाच्या तसा आपल्या गावाला लावता येणार नाही. तरी एवढे कळते की भेटीला येणारी ती बाई केवळ कपड्यांची पिशवी पोचवीत नाही. सुटून येण्याची वाट ती मोकळी ठेवीत असते.

मंडळी, हा प्रश्न चार-दोन घरांचा आहे असे समजू नका. फाशी झालेले किंवा तुरुंगातच ज्यांचा अंत झाला असे थोडे सोडले तर तुरुंगात गेलेला प्रत्येक माणूस आज ना उद्या बाहेर येणार आहे. शिवाय दुसरी एक गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार आपल्या देशातील तुरुंगांत असलेल्या शंभर माणसांपैकी सुमारे ७६ जणांना अजून शिक्षा झालेलीच नव्हती. त्यांचे खटले चालू होते. त्यांना आपण कच्चे कैदी म्हणतो. त्यांतले कित्येक पुढे निर्दोष सुटतात. पण गाव एवढा फरक करीत बसत नाही. आत जाऊन आला, एवढेच गावाच्या लक्षात राहते.

आता सुटून येणाऱ्या माणसाच्या बाजूने थोडे पाहू. आत त्याला वेळेवर उठवले जात होते, वेळेवर जेवण मिळत होते, कामाला लावले जात होते. कोणताही निर्णय त्याला स्वतः घ्यावा लागत नव्हता. दरवाजाबाहेर पाऊल पडताच एका क्षणात सारे निर्णय त्याच्या अंगावर येतात. खिशात तुरुंगात मिळविलेली थोडी मजुरी. तोंडपाठ असलेला फोन नंबर आता लागत नाही. ज्या भाड्याच्या खोलीत राहत होता ती केव्हाच सुटलेली. शिधापत्रिकेवर नाव आहे की उडाले, ठाऊक नाही. कारखान्यात किंवा सोसायटीच्या पहारेकऱ्याच्या कामाला गेला तर पोलिसांचा चारित्र्याचा दाखला मागतात. पाळण्यात सोडून गेलेली मुलगी आता शाळेत जाते आणि त्याला ओळखत नाही. आणि ह्या सगळ्या गोंधळात एक जागा अशी असते की जेथे त्याचे हटकून स्वागत होते. ती म्हणजे जुन्या सोबत्यांचा अड्डा. तेथे दाखला लागत नाही, कोणी मागचे काढीत नाही. घराचे दार बंद झाले तर त्याचे पाय कोठे वळणार, हे सांगायला मोठा विद्वान लागत नाही.

घरामुळे माणूस टिकतो, ही गोष्ट आपल्या महाराष्ट्रात एका छोट्या संस्थानाने फार पूर्वी ओळखली होती. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी सूर्यनमस्कारांसाठी घरोघर प्रसिद्ध आहेत. त्यांच्या संस्थानात १९३९ साली प्रजेला स्वराज्याचे हक्क देणारी घटना झाली, आणि त्याच सुमारास आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची कैद्यांची वसाहत सुरू झाली. तिच्यामागे मॉरिस फ्रीडमन नावाच्या मूळच्या पोलंडच्या एका अभियंत्याची प्रेरणा होती. आटपाडी म्हणजे दुष्काळी मुलूख. आता तो सांगली जिल्ह्यात येतो. त्या उघड्या माळावर जन्मठेपेसारख्या शिक्षा झालेली माणसे आणून ठेवली. उंच भिंत घातली नाही. कैद्याने जमीन कसावी, त्यावर पोट भरावे, आणि मुख्य म्हणजे आपल्या बायकामुलांना घेऊन तेथे राहावे, अशी ती योजना होती.

श्रोतेहो, ह्यातले मर्म पाहा. मोकळ्या माळावर माणसाला धरून ठेवील असे काय होते? भिंत नव्हती. धरून ठेवणारी गोष्ट म्हणजे चुलीवर शिजत असलेली भाकरी, अंगणात खेळणारे मूल आणि हाताशी आलेले पीक. १९४८ साली औंध संस्थान विलीन झाले, तरी स्वतंत्रपूर मोडले नाही. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाच्या यादीत खुली वसाहत म्हणून त्याचे नाव आजही आहे. व्ही. शांताराम यांचा १९५७ सालचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट ह्याच प्रयोगावरून सुचलेला. त्याची कथा-पटकथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर त्याच माणदेशचे. बर्लिनच्या महोत्सवात त्या चित्रपटाचा गौरव झाला. चित्रपट पाहिलेल्याला त्या जेलरचे डोळे आठवतात. एका भल्या माणसाच्या नजरेचा धाक माणसाला सरळ ठेवतो, हे त्यात फार सुंदर दाखविले आहे. स्वतंत्रपुराने त्याच्या जोडीला आणखी एक गोष्ट दिली होती. तिचे नाव घर.

सगळ्या कैद्यांना असे बायकामुलांसह ठेवता येणार नाही हे उघड आहे. म्हणून कायद्याने दुसरे काही मार्ग ठेवले आहेत. ते खेड्यांतल्या घरांना नीट माहीत नसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. पहिला मार्ग मुलाकातीचा, पत्राचा आणि फोनचा. आता ई-मुलाकात म्हणून संगणकावर चेहरा पाहून बोलण्याची सोयही झाली आहे. त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते. दुसरा मार्ग रजेचा. शिक्षा झालेल्या बंद्याला ठरावीक काळ आत काढल्यावर, वागणूक चांगली असेल तर, काही दिवस घरी जाता येते. तिला संचित रजा म्हणतात. घरात कोणी गंभीर आजारी पडले, मृत्यू झाला, अशा कारणांनी मिळते ती अभिवचन रजा. आपल्याकडे ह्यासंबंधीचे मूळ नियम १९५९ सालचे आहेत आणि त्यांत वेळोवेळी सुधारणा झाल्या आहेत. ह्या रजा कशासाठी? बंद्याचा घराशी आणि समाजाशी संबंध तुटू नये म्हणून. सर्वोच्च न्यायालयानेही २०१७ सालच्या एका निकालात हाच हेतू स्पष्ट केला आहे. मात्र रजा द्यावयाची तर घरचे कोणी तरी हमीला उभे राहावे लागते, आणि पोलीस गावी येऊन चौकशी करतात. अशा वेळी 'आम्हाला काही ठाऊक नाही' असे म्हणून घरच्यांनी अंग काढून घेतले तर दार आतूनच बंद होते. हमी दिली तर मग ठरल्या दिवशी त्याला परत नेऊन हजर करणे हेही घराचेच काम. एक जण वेळेवर परतला नाही की मागून येणाऱ्या दहा जणांच्या अर्जांकडे संशयाने पाहिले जाते.

गेल्या काही वर्षांत आणखी दोन चांगल्या गोष्टी झाल्या. महाराष्ट्रातील कारागृहांतून 'गळाभेट' नावाचा कार्यक्रम होऊ लागला. एरवी बाप आणि मूल जाळीच्या किंवा काचेच्या दोन बाजूंना असतात. ह्या दिवशी मुलाला प्रत्यक्ष जवळ घेता येते. दुसरी गोष्ट पैशाची. २०२२ साली येरवडा कारागृहात राज्य सहकारी बँकेची 'जिव्हाळा' नावाची कर्जयोजना सुरू झाली. तीत बंद्याला ५०,००० रुपयांपर्यंत कर्ज सात टक्के व्याजाने मिळते आणि ते त्याच्या तुरुंगातल्या मजुरीतून फिटते. मुलांचे शिक्षण, घरातले आजारपण, वकिलाची फी अशा गरजांसाठी ते आहे. ह्या योजनेत मला आवडते ते असे की भिंतीआड बसलेला बापही मुलीची फी भरू शकतो. ज्याने आतून मुलीची फी भरली, तो बाहेर आल्यावर त्या घरात परका राहत नाही.

आता घराने काय करावे, ह्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. ऑस्ट्रेलियातील जॉन ब्रेथवेट नावाच्या एका अभ्यासकाने १९८९ साली एक ग्रंथ लिहिला. त्याचे म्हणणे थोडक्यात असे की चुकलेल्या माणसाला लाज वाटली पाहिजे हे खरे, पण लाज आणण्याचे दोन प्रकार आहेत. एका प्रकारात माणसाला त्याच्या कृत्याबद्दल खडसावले जाते आणि मग परत आपल्यात घेतले जाते. दुसऱ्या प्रकारात त्याच्या कपाळावर कायमचा शिक्का मारून त्याला बाहेर टाकले जाते. पहिल्याने माणूस सुधारतो, दुसऱ्याने अधिक बिघडतो. आपल्या घरांतल्या बायांनी हा ग्रंथ वाचलेला नाही, पण त्यातले तत्त्व त्यांना ठाऊक असते. आई मुलावर रागावते, दोन दिवस बोलत नाही, पण ताट वाढायचे राहत नाही. रागावणे वेगळे आणि टाकणे वेगळे.

काही साध्या गोष्टी सांगतो. सुटून आल्यावर पहिल्या आठवड्यात चौकशांचा भडिमार करू नये. पाहुणे गोळा करून त्याच्याकडून आतल्या हकिकती वदवून घेऊ नयेत. तो रात्री जागा राहील, दाराचा आवाज झाला की दचकेल, गर्दीत बावरेल. हे वेड नव्हे; अनेक वर्षांच्या सवयीचा तो परिणाम असतो, आणि वेळ जाईल तसा कमी होतो. फार दिवस टिकला तर सरकारी दवाखान्यात दाखवावे. दुसरी गोष्ट, त्याचे कागद आधी जमवावेत. आधार कार्ड, शिधापत्रिका, बँकेचे पुस्तक आणि सुटकेचा कागद एका पिशवीत ठेवावे. काम मागायला जाताना कागद नसला की माणूस दोन ठिकाणांहून परत येतो आणि तिसऱ्या ठिकाणी जातच नाही. तिसरी गोष्ट, काम लहान असले तरी पहिल्या महिन्यातच लागावे. शेतात, गोठ्यात, भावाच्या टेंपोवर, बाजारात हमालीला, कोठेही. अमेरिकेतच रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब ह्या दोघांनी बोस्टनकडच्या गुन्हेगार मुलांची आयुष्ये त्यांच्या मोठेपणापर्यंत तपासली. त्यांना दिसले ते हे की स्थिर नोकरी आणि जिव्हाळ्याचा संसार ह्यांमुळे बालपणी वाट चुकलेली कित्येक मुले पुढे सरळ झाली. ह्यात जादू काही नाही. सकाळी "डबा भरलाय, उशीर होतोय" असे म्हणणारे कोणी असले आणि संध्याकाळी वाट पाहणारे कोणी असले की अड्ड्यावर जायला वेळच उरत नाही.

चौथी गोष्ट थोडी नाजूक आहे आणि ती सुटून आलेल्या माणसानेच ऐकावी. तो आत होता तेव्हा घर थांबलेले नव्हते. बायकोने शेत पाहिले, बचत गटातून कर्ज काढले, फेडले, मुलाला दहावीपर्यंत आणले. ह्या काळात ती घरातली कर्ती झाली. आता हा परत येऊन म्हणू लागला की पैसे माझ्या हाती दे, मी सांगेन तसे करा, तर त्या घरात महिन्याभरात भांडण पेटेल. घराचा आधार पाहिजे असेल तर घराचा मानही ठेवला पाहिजे. पुरुषाने परत येऊन आधी आपल्या बायकोच्या हाताखाली काम करून दाखवावे. त्यात कमीपणा काही नाही.

येथवर मी घराकडून पुष्कळ अपेक्षा केल्या. परंतु दुसरी बाजू सांगितली नाही तर ते भाषण एकांगी होईल. ज्या घरातला माणूस तुरुंगात गेला, त्या घरालाही न्यायालयाने न दिलेली शिक्षा झालेली असते. मिळवता हात गेला, वकिलाचा खर्च वाढला, हळदीकुंकवाची बोलावणी थांबली, मुलीचे स्थळ मोडले. असे घर आधीच वाकलेले असते. त्याच्या खांद्यावर आणखी एक माणूस ठेवताना आपण गावकरी नुसते पाहत उभे राहिलो तर ते घरही कोसळेल. घराने माणसाला धरावे आणि गावाने घराला धरावे, असा हा क्रम आहे. दुसरा दुवा तुटला तर पहिला टिकत नाही.

एका माणसाच्या गुन्ह्याचा शिक्का घरादारावर मारण्याची रीत आपल्या देशात एके काळी सरकारी कायद्यानेच चालू होती. इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि जन्मानेच माणसांना गुन्हेगार ठरविले. सोलापुरात तारेच्या कुंपणाआड त्यांच्या वसाहती होत्या. स्वातंत्र्यानंतर १९५२ साली तो कायदा रद्द झाला. कायदा गेला, पण मनातला शिक्का पुसायला किती काळ लागतो हे त्या समाजांतल्या लोकांना विचारावे. जे सरकारने टाकून दिले ते आपण गावात नव्याने चालू करू नये.

शिक्षक बंधुभगिनींना येथे थोडे वेगळे सांगावयाचे आहे. तुमच्या वर्गात असे एखादे मूल असेल. ते बहुधा मागच्या बाकावर बसते. अर्जावर वडिलांचा व्यवसाय लिहावयाचा आला की त्याचा हात थांबतो. अशा वेळी सर्वांसमोर मोठ्याने विचारू नका. फॉर्म बाजूला ठेवा आणि नंतर तुम्हीच भरा. मारामारी झाली तर 'बापावर गेला' हे शब्द शाळेच्या आवारात कोणाच्याही तोंडून निघू देऊ नका. महाराष्ट्र शासनाची बालसंगोपन योजना आहे. आईवडील तुरुंगात असलेल्या मुलांचाही तीत विचार होतो. अर्ज जिल्हा महिला व बालविकास अधिकाऱ्याच्या कार्यालयाकडे करावयाचा असतो. घरातल्या अडाणी आजीला हे कोण सांगणार? तुम्ही सांगू शकता. आणि ह्या मुलाला वडिलांना पत्र लिहावेसे वाटले तर त्याला मदत करा. शाळेतल्या निबंधापेक्षा त्या पत्राने त्याचे मराठी अधिक सुधारेल.

साने गुरुजींचे 'श्यामची आई' आपण सर्वांनी वाचले आहे. ते पुस्तक १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले गेले. स्वातंत्र्यासाठी तुरुंगात गेलेल्या त्या थोर माणसाची आणि साध्या गुन्हेगाराची बरोबरी मी करीत नाही. सत्याग्रहींना सुटल्यावर हार घातले जात, ते योग्यच होते. मला एवढेच सुचवावयाचे आहे की गुरुजींसारख्या माणसालाही त्या भिंतीआड आईच आठवली आणि घरच आठवले. मग ज्याच्यापाशी ना विद्या ना विचारांचे बळ, त्याला किती आठवत असेल!

आता काही अवघड गोष्टी. पहिली अशी की प्रत्येक घराने प्रत्येक माणसाला परत घ्यावेच, असे म्हणता येणार नाही. ज्याने बायकोचा छळ केला, पोटच्या पोरांना इजा केली, त्याला घरात घेण्याची सक्ती त्या घरावर कोणी करू नये. तेथे आधी त्या बाईची आणि मुलांची सुरक्षितता. भाऊबंदांनी आणि पंचांनी 'झाले गेले विसर' म्हणून तिच्या गळ्यात त्याला बांधणे हा दुसरा गुन्हा होईल. अशा माणसाला आधार हवाच. पण तो भावाच्या घरी, संस्थेत किंवा दुसऱ्या गावी मिळावा. त्याचप्रमाणे ज्याच्या विरुद्ध गुन्हा घडला ते कुटुंब पुष्कळदा त्याच गावात, त्याच गल्लीत असते. त्यांच्या दुःखासमोर वाजतगाजत मिरवणूक काढून ह्याला घरी आणणे हे माणुसकीला धरून नाही. घरात घ्या, पण गाजावाजा करू नका. सुटून आलेल्यानेही त्या दारावरून जाताना मान खाली घालून जावे, आणि त्या घराची माफी एका दिवसात मिळेल अशी अपेक्षा धरू नये.

दुसरी अवघड गोष्ट बायांची. नवरा तुरुंगात गेला तर बायको भेटीला जाते, आई जाते, बहीण जाते. बाई तुरुंगात गेली तर तिच्या भेटीला कोण येते? सासर नाव टाकते आणि माहेर शेजाऱ्यांना भिते. सहा वर्षांपर्यंतचे मूल आईबरोबर कारागृहात राहू शकते, असे सर्वोच्च न्यायालयाच्या २००६ सालच्या निकालाने ठरले आहे. सहा वर्षे पुरी झाली की ते मूल बाहेर कोणाच्या तरी हाती द्यावे लागते. त्या क्षणी माहेरच्या एका माणसाने पुढे होऊन "माझ्याकडे द्या" म्हटले, तर ती बाई उरलेली शिक्षा निभावून नेते. ज्या घरात मुलगा सुटून आल्यावर त्याला दारातून ओवाळून आत घेतात, त्याच घरात सुटून आलेल्या मुलीला रात्रभर स्टेशनवर बसावे लागू नये, एवढे तरी आपण पाहिले पाहिजे.

तिसरी गोष्ट घरच नसलेल्यांची. काहींना जामीन मंजूर होऊनही ते आतच राहतात, कारण जामीनदार मिळत नाही किंवा रक्कम भरता येत नाही. अशा गरीब बंद्यांसाठी केंद्र सरकारने २०२३ साली साहाय्याची योजना केली आहे. ती सुरू झाली तेव्हा जामिनासाठी ४०,००० रुपयांपर्यंत आणि दंडासाठी २५,००० रुपयांपर्यंत मदतीची तरतूद तीत होती. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, जी १ जुलै २०२४ पासून लागू झाली, पहिल्यांदाच गुन्ह्यात सापडलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ आत काढला असेल तर त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना ती लागू नाही, आणि एकाहून अधिक खटले असतील तरही मिळत नाही. कोठडीत असलेल्या कोणत्याही माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ सालच्या कायद्याने मोफत वकील मिळतो. ह्यासाठी तालुक्याच्या न्यायालयात विधी सेवा समितीचे आणि जिल्ह्याच्या न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचे कार्यालय असते. तेथे जाऊन विचारावे. दलालाच्या हाती पैसे देण्याआधी तर नक्कीच विचारावे. टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० सालापासून मुंबईच्या परिसरात बंदी, सुटून आलेली माणसे आणि त्यांची कुटुंबे ह्यांच्यासाठी काम करीत आला आहे. अशा कार्यकर्त्यांचा अनुभव असा की पुष्कळ वेळा घर तुटलेले नसते. फक्त निरोप पोचलेला नसतो. आतला समजतो की मला टाकले, आणि घरचे समजतात की त्याला आमची गरज नाही. मधला एक माणूस पत्ता शोधून जातो, दोन शब्द बोलतो, आणि सांधा जुळतो. हे मधल्या माणसाचे काम गावातला शिक्षक, पोलीस पाटील, ग्रामसेवक, कीर्तनकार, कोणीही करू शकेल.

तेव्हा ह्या सगळ्याचे सार एवढेच. घराचा आधार हा सुटकेच्या दिवशी द्यावयाचा हार नव्हे. आत गेल्या दिवसापासून तो धागा जपावा लागतो. महिन्यातून एक पत्र, वर्षातून जमेल तितक्या भेटी, मुलाच्या परीक्षेचा निकाल, म्हैस व्यायल्याची बातमी, विहिरीला पाणी लागले की नाही, अशा किरकोळ गोष्टींनीच तो धागा शाबूत राहतो. न्यायालय शिक्षा मोजून देते; तिला आरंभ आणि शेवट असतो. आपण लोक शिक्षा मोजीत नाही, म्हणून ती संपतही नाही. ती संपविण्याचा अधिकार कोणत्याही न्यायाधीशाकडे नाही. तो तुमच्या-माझ्याकडे आहे. तुमच्या गावात असे एखादे घर असेल तर उद्या सकाळी त्या घरच्या बाईला वाटेत पाहून नजर वळवू नका. तिला विचारा, "भेटीला केव्हा जाणार? मुलांना त्या दिवशी आमच्याकडे ठेवा." एवढ्या दोन वाक्यांनी तिची ती वाट पुष्कळ सोपी होईल.